सात नंबरचा आवाज

मित्रांनो, माझ्या अंगावर शहात्तर पट्ट्या आहेत. त्यांतल्या पंचाहत्तर वाजतात. उजवीकडून तिसरी पट्टी नऊ वर्षांपूर्वी चहा प्यायली आणि तेव्हापासून तिने मौन धरलं आहे. मी एक जुना डिजिटल कीबोर्ड आहे. वयाच्या मानाने माझी तब्येत ठणठणीत आहे. दुखणं आहे ते वेगळंच, आणि ते दुरुस्तीच्या दुकानात बरं होण्यासारखं नाही. उलट तिथेच ते लागलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या माणसांनी मला जोडलं, एकाने माझ्या सगळ्या पट्ट्या दाबून बघितल्या आणि पोटावर 'पास' अशी गोल चिकटपट्टी लावली. आयुष्यातली ती माझी एकमेव परीक्षा. माझ्यात दोनशे आवाज भरले होते. त्यांत व्हायोलिन होतं, बासरी होती, का कोण जाणे, पण हेलिकॉप्टरही होतं. मला मात्र अभिमान होता तो एकाच आवाजाचा, इलेक्ट्रिक पियानोचा.

तुमच्या आजोबांच्या तरुणपणी इलेक्ट्रिक पियानो नावाचं एक खरंखुरं, लोखंडी, दोन माणसांनी शिव्या देत उचलायचं वाद्य होतं. पट्टी दाबली की आतली छोटी हातोडी धातूच्या एका काडीवर आपटायची आणि त्या काडीची थरथर स्पीकरमधून ऐकू यायची. काचेच्या पेल्यावर चमचा वाजवून मग पेला उशीत गुंडाळावा, साधारण तसा आवाज. कुणीतरी त्या वाद्यासमोर बसून त्याचा एकेक स्वर टिपला आणि माझ्या पोटात भरला. म्हणजे माझा आवाज उसना आहे, हे मी आधीच कबूल करतो.

पण उसना आवाज नुसता ठेवला तर फोटोतल्या माणसासारखा वाटतो. नाकडोळे जागच्या जागी, पण बोलत नाही. त्याला बोलतं करायला माझ्या कपाळावर फिरवायची चार बटणं आहेत. ट्रेमोलोचं बटण फिरवलं की आवाज लहानमोठा होत राहतो, निजलेल्या माणसाच्या छातीसारखा. माझ्या कारखान्याने त्यात हौसेने भर घातली होती. माझा आवाज डाव्या स्पीकरमधून उजव्यात आणि उजव्यातून परत डाव्यात अशा येरझाऱ्या घालायचा. दुसरं बटण कोरसचं. एकाच आवाजाच्या तीन-चार किंचित बेसूर नकला एकदम वाजवायच्या, की एकटा माणूस जमावासारखा भासतो. तिसरं रिव्हर्बचं. दहा बाय दहाच्या खोलीत बसून मोठ्या सभागृहात असल्याचा आव आणणं, हे त्याचं काम. हा इफेक्ट माणसांमध्येही असतो, फक्त त्यांचं बटण सापडत नाही. चौथं बटण टोनचं, आवाजाची धार कमीजास्त करणारं.

मला विकत घेतलं मास्तरांनी. ते एका हॉटेलच्या जेवणाच्या दालनात संध्याकाळी वाजवायचे. जेवणाऱ्यांनी मान वर न करता जेवत राहावं, ही तिथे चांगल्या वाजवण्याची कसोटी होती, आणि मास्तर त्या कसोटीला रोज उतरायचे. चारही बटणं पार उजवीकडे फिरवून आम्ही दोघं त्या दालनात नुसते लखलखायचो. एकदा एका गृहस्थाने चमचा खाली ठेवून डोळे मिटले. मास्तरांनी ती गोष्ट पुढची वीस वर्षं सांगितली. त्या गृहस्थाला बहुधा ठसका लागला होता, पण मी कधी बोललो नाही.

घरी पहिल्या दिवशी मास्तरांनी मला वाजवून दाखवलं तेव्हा त्यांच्या पत्नीने हातातलं काम टाकून विचारलं होतं, "अहो, बाटल्या घरी पण आणल्यात का?"

तिचंही बरोबर होतं. ती बाटल्या भरण्याच्या कारखान्यात तपासनीस होती. समोर उजळलेली पांढरी काच, तिच्यापुढून सरकत जाणाऱ्या बाटल्या, आणि त्यांतली तडा गेलेली हुडकायची. सापडली की दोन बोटांनी मानेला धरून उचलायची. दोन बोटं वर गेली की बाटली बाद. चाळीस वर्षं तिने हे केलं. बाटल्या चाळीस वर्षं एकमेकींवर आदळत राहिल्या, आणि यंत्र तिच्या डाव्या हाताला होतं.

या दोघांचं एक गुपित होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मास्तर तिची पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहायचे. फाटकातून एकदम तीनशे माणसं बाहेर पडायची. त्यात बायको कुठली शोधणार? म्हणून मास्तरांनी एक छोटीशी चाल रचली आणि ती शिट्टीवर वाजवायला सुरुवात केली. अवघी बारा स्वरांची. चाल ऐकली की ती बरोबर त्या दिशेला वळायची. पुढे मुलगी झाली, सायकल आली, फाटकावर जाणं थांबलं. पण घरात शिरताना जिन्यावर ती शिट्टी ठरलेली असायची, आणि आतून "आले का!" हेही.

मग हॉटेलवाल्यांनी भिंतीत स्पीकर बसवले. गाणी आपोआप वाजू लागली. मास्तरांना फुलांचा गुच्छ मिळाला आणि मला कपाटावरची जागा. एका बाजूला पंखा, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली इस्त्री, आणि अंगावर मेणकापड. तिथे मी सहा वर्षं काढली. मित्रांनो, दुर्लक्षाबद्दल फार रडायचं नाही असं मी ठरवलं आहे, कारण इस्त्रीची अवस्था माझ्याहून वाईट होती.

त्या सहा वर्षांत पत्नी निवृत्त झाली. कारखान्याने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याची टिकटिक तिला ऐकू येत नव्हती. एका संध्याकाळी मास्तर जिन्यावर शिट्टी वाजवत आले, दार उघडून आत आले, तिच्या पाठीमागे उभं राहून पुन्हा पूर्ण शिट्टी वाजवली. ती वळली नाही. कणीक मळत राहिली. मास्तरांनी खांद्याला हात लावला तेव्हा दचकली आणि रागावलीही. "आल्यावर आवाज तरी द्यावा माणसानं!"

मास्तर म्हणाले, "चुकलंच."

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डावा कान जवळजवळ गेला आहे, उजवा अर्धा आहे, आणि त्यातही उंच, टोकदार आवाज पार गेले आहेत. शिट्टी तर नाहीच. उजव्या कानाला यंत्र मिळालं. यंत्राने आवाज मोठे झाले, पण गाळलेले नव्हे. भांडी, मोटारी, माणसं, सगळं एकाच पातेल्यात ढवळल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्टुलावर चढले आणि त्यांनी मला खाली काढलं.

संध्याकाळी सहाला त्यांनी तिला वेताच्या खुर्चीत बसवलं, उजवा कान माझ्याकडे येईल अशी, आणि ती बारा स्वरांची चाल इलेक्ट्रिक पियानोवर वाजवली.

"बाटल्या," ती म्हणाली. "आणि मधेमधे थांबता कशाला?"

"मी कुठे थांबलो?"

"थांबला नाहीत? एक सूर येतोय, एक जातोय. कुणी दार उघडझाप करतंय जणू."

मास्तरांनी माझ्या एकेका स्पीकरला कान लावून बघितला. मग त्यांच्या लक्षात आलं. माझा आवाज येरझाऱ्या घालत डाव्या स्पीकरमध्ये गेला की तिच्यासाठी तो मेलाच. त्यांनी ती येरझार बंद केली. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. तिने मान हलवली, पण हाताची दोन बोटं खुर्चीच्या हातावरून वर उचलली. नापास.

मित्रांनो, अशा अकरा संध्याकाळी गेल्या. आयुष्यभर सगळी बटणं उजवीकडे फिरवणारा माणूस एकेक बटण डावीकडे आणत होता. आधी रिव्हर्ब गेला, कारण तिच्या यंत्रात त्याचा चिखल व्हायचा. मग कोरस गेला. "एकाच माणसाला बोलू द्या की," ती म्हणाली. मग टोन. काचेवरचा चमचा काढून टाकला, नुसती उशी ठेवली. चाल दोन सप्तकं खाली आणली. शेवटी ट्रेमोलो, अगदी थोडा आणि अगदी सावकाश, कारण सपाट सूर तिला फ्रिजच्या घरघरीपासून वेगळा ओळखता येत नव्हता. सूर हलला की तिला कळायचं, हे माझ्यासाठी आहे. किती हलवायचा, किती वेगाने, हे मास्तर माझ्या पडद्यावरच्या आकड्यांकडे बघून ठरवत नव्हते. ते तिच्या बोटांकडे बघत होते. दोन बोटं वर. पुन्हा दोन बोटं वर. अकराव्या दिवशी बोटं हातावरच राहिली आणि ती म्हणाली, "आले का!"

मास्तरांनी तो आवाज माझ्या सात नंबरच्या जागेत जतन केला. चिकटपट्टीच्या तुकड्यावर '७' लिहून बटणापाशी लावलं. कागदावर काहीही उतरवलं नाही. माणसं एवढी वर्षं सोबत राहिली की त्यांना वाटतं, लिहायचं काय त्यात.

खरं सांगू का, तो आवाज ऐकायला भिकार होता. दबका, बोथट, कांबळ्यात तोंड खुपसून कुणी गुणगुणावं तसा. हॉटेलात वाजला असता तर लोकांनी खरंच माना वर केल्या असत्या. पण पुढची चार वर्षं रोज संध्याकाळी सहाला मी तो वाजवला, आणि माझ्या दोनशे आवाजांपैकी तेवढाच एक कुणीतरी खरोखर ऐकत होतं. रविवारी तेवढा खंड पडायचा. रविवारी लेक यायची, गप्पा व्हायच्या, आणि मी झाकलेला असायचो.

मग मास्तर गेले. सकाळी चहा घेऊन पेपर उघडला आणि दुसऱ्या पानावर पोचले नाहीत.

लेक आईजवळ राहायला आली. तिला सगळे चिमणी म्हणतात. वय सत्तेचाळीस, चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत असते, "हे बरं, की आधीचं? आता? आणि आता?" कामात चोख, आणि घरात काही बिघडलेलं दिसलं की ती स्वस्थ बसू शकत नाही. महिनाभरात तिने नळ, दाराची कडी आणि ती इस्त्रीसुद्धा दुरुस्त करून आणली. इस्त्री माझ्यासमोर वाफ सोडून हसली.

मग माझी पाळी आली. लहानपणी चिमणी वडिलांकडे शिकली होती. आईचं मन रमावं म्हणून तिने मला चालू केलं. मी सात नंबरवरच होतो. तिने दोन सूर वाजवले आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबांबरोबर याचाही आवाज बसला गं," ती म्हणाली.

आई स्वयंपाकघरात होती. ऐकायला आली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि चांगली संपली असती.

दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाला सगळे डॉक्टर म्हणायचे. त्याने मला उताणं केलं, सुलटं केलं, बटणं बघितली आणि हसायला लागला. "कुणी केलं हो ताई हे? टोन पार खाली, रिव्हर्ब बंद, कोरस बंद, दोन्ही स्पीकरला एकच आवाज! बहिऱ्यानं सेट केलाय की काय?"

"बाबांना शेवटी शेवटी कमी ऐकू येत असेल," चिमणी हळूच म्हणाली. "आम्हाला बोलले नाहीत कधी."

"काळजी नको. आतली सगळी मेमरी पुसून फॅक्टरी सेटिंगला नेतो. कारखान्यातून आला होता तस्सा."

मी ओरडलो असतो, मित्रांनो. माझ्यापाशी दोनशे आवाज आहेत, त्यांत हेलिकॉप्टर आहे, पण 'नको' नाही. त्याने दोन बटणं एकदम दाबून धरली. पडद्यावर 'खात्री आहे?' असा प्रश्न आला. त्याला खात्री होती. मग त्याने स्पिरिटच्या बोळ्याने माझं अंग पुसलं आणि ती '७' लिहिलेली चिकटपट्टीही काढून टाकली, कारण तिच्या कडेला मळ साचला होता.

घरी आल्यावर चिमणीने आईला वेताच्या खुर्चीत बसवलं, शेजारणीलाही बोलावलं, आणि लहानपणी जिन्यावर रोज ऐकलेली तीच बारा स्वरांची चाल वाजवली. मी लखलखलो. कोरस, रिव्हर्ब, डावीउजवीकडे येरझारा, सगळं. शेजारीण म्हणाली, "अगंबाई, अगदी सिनेमातल्यासारखं!" चिमणीने आईकडे बघितलं.

"छान झालं," आई म्हणाली.

शालीच्या काठाखाली तिची दोन बोटं वर उचललेली होती. ती फक्त मला दिसली.

त्यानंतर मायलेकींचा एक विचित्र नेम सुरू झाला. आईला बरं वाटावं म्हणून लेक दमून आली तरी रोज वाजवायची, आणि लेकीला बरं वाटावं म्हणून आई रोज ऐकायची. दोघींनाही ते नकोसं झालं होतं. प्रेमात हे चालतंच म्हणे. दोन महिने असेच गेले. मग एका संध्याकाळी अर्ध्या चालीवर चिमणी चष्मा पुसायला थांबली, तिला चष्म्याच्या घरातलं फडकं हवं होतं. तिने आईच्या मांडीवरचं घर उचललं, उघडलं, तर आत कानाचं यंत्र.

"आई! तू ऐकतच नाहीस?" मग भान येऊन तिने ते यंत्र आईच्या कानात घातलं आणि पुन्हा विचारलं.

"मी बघते की तुला," आई म्हणाली. "वाजवताना खालचा ओठ चावतेस. अगदी हे चावायचे तस्सा."

"पण ऐकत का नाहीस?"

"बाटल्या येतात गं. आणि सूर निम्मा जातो." आईने यंत्र कानात नीट बसवलं. "चिमणे, ह्यांचा तो सात नंबर कुठे गेला?"

चिमणीने सांगितलं. बसलेला आवाज, डॉक्टर, पुसलेली मेमरी. सांगता सांगताच तिला कळत गेलं, आणि शेवटच्या वाक्यापर्यंत पोचायला तिला फार वेळ लागला. आईने मग ते फाटक, ती शिट्टी, त्या अकरा संध्याकाळी सांगितल्या. लेकीने तोंडावर हात धरला.

"रडतेस कशाला? तुला तो बिघडलेला वाटला, तू नीट केलास. बिघडलेलाच होता तो. माझ्यासाठी बिघडवला होता त्यांनी."

दुसऱ्या दिवसापासून चिमणी दुकानातून लवकर येऊ लागली. तिने माझ्यासमोर बसून आईकडे तोंड केलं आणि दिवसभर परक्यांना विचारते ते विचारलं, "हे बरं, की आधीचं?" दोन बोटं वर. "आता?" दोन बोटं. पहिल्या संध्याकाळी माझी येरझार थांबली. दुसऱ्या दिवशी रिव्हर्ब आणि कोरस गेले. तिसरा आणि चौथा दिवस टोनला लागले. आई चिकट तपासनीस होती, एका तड्यालाही सोडत नव्हती. चौथ्या दिवशी ती हसलीसुद्धा. "आला, घरापाशी आला. आता फक्त ह्यांचा वेग राहिला. जरा सावकाश होता त्यांचा. उद्या बघू, आज दमले मी."

"जतन करून ठेवू ना एवढं?"

"ठेव."

चिमणीने सात नंबरमध्ये ठेवलं.

उद्या आईला ताप होता. परवा ती दवाखान्यात होती. त्यानंतरच्या सोमवारी घरात खूप चपला होत्या, आणि मला कुणीतरी भिंतीकडे सरकवून माझ्यावर पाण्याचे पेले ठेवले.

आता मी चिमणीकडेच असतो. दर रविवारी ती माझ्यासमोर बसते. सात नंबर लावते, ती बारा स्वरांची चाल वाजवते आणि ट्रेमोलोचं बटण हळूहळू फिरवते. थोडं सावकाश. अजून थोडं. मग मान वळवून खुर्चीकडे बघते. वेताची खुर्ची तिने सोबत आणली आहे आणि उजवा हात माझ्याकडे येईल अशी ठेवली आहे. तिथून दोन बोटं वर होत नाहीत. मित्रांनो, बोटं वर न होणं म्हणजे पास. पण ते कुणी बसलेलं असताना. पडद्यावर प्रश्न येतो, 'जतन करायचं?' चिमणी तो प्रश्न वाचते. 'होय' दाबत नाही, 'नाही' दाबत नाही, मला तसंच बंद करते. पुढच्या रविवारी पुन्हा चौथ्या संध्याकाळपासून सुरुवात.

मला तो वेग माहीत आहे. चार वर्षं रोज वाजवला आहे मी. दोनदा तर ती त्याच्यावर येऊन पुढे गेली.

माझं तुमच्यापाशी एकच मागणं आहे. मला जपू नका, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, चहाही सांडा एखादवेळी. पण घरातली एखादी वस्तू वाकडी, बोथट, विचित्र लावलेली दिसली, तर ती सरळ करण्याआधी घरात मोठ्याने विचारा, हे असं कुणासाठी केलं होतं? आणि उत्तर पटकन आलं नाही तर जरा थांबा. ज्याच्यासाठी केलं होतं, ते माणूस स्वयंपाकघरात असेल. तिला ऐकू कमी येत असेल.